अंदमान-निकोबार नीट समजून घेण्यासाठी: नकाशा कसा वाचावा, मूळ रहिवाशांना कसे ओळखावे

महाराष्ट्रातून अंदमानला जाणाऱ्यांचा मार्ग बहुधा ठरलेला असतो. सेल्युलर जेलमधील स्वातंत्र्यवीर सावरकरांची कोठडी, स्वराज द्वीपाचा किनारा, एखादा दिवस बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा, आणि परतीचे विमान. सावरकर १९११ ते १९२१ या काळात त्या तुरुंगात होते, त्यामुळे मराठी माणसाला ही भूमी जवळची वाटावी हे स्वाभाविकच आहे. परंतु तो तुरुंग बांधला गेला १८९६ ते १९०६ च्या दरम्यान, आणि त्याच्या हजारो वर्षे आधीपासून या बेटांवर माणसे राहत आली आहेत. त्यांतील काही समाज आजही तिथेच आहेत. त्यांच्याविषयी काहीच न जाणता परत येणे म्हणजे त्या भूमीचा मोठा भाग न पाहता परत येणे होय. प्रवासाला निघण्यापूर्वी, किंवा प्रवास करायचा नसला तरी, हा द्वीपसमूह पद्धतशीर समजून घ्यावा कसा, हे येथे सांगितले आहे.

नकाशा हाती घ्यावा, आणि पाण्यापासून सुरुवात करावी

पहिले काम म्हणजे केवळ अंदमान-निकोबारचा, मोठ्या प्रमाणावरचा स्वतंत्र नकाशा मिळवणे. भारताच्या भिंतीवरच्या नकाशात ही बेटे ठिपक्यांच्या एका रांगेसारखी दिसतात आणि त्यामुळे त्यांच्या अंतरांचा अंदाजच येत नाही. साखळीचे उत्तर टोक १३ अंश ४१ मिनिटे उत्तर अक्षांशावर आहे आणि दक्षिण टोक ६ अंश ४५ मिनिटांवर. म्हणजे सुमारे ७७० किलोमीटर लांबी. मुंबई ते नागपूर हे सरळ रेषेतील अंतरही याहून कमी भरते. जमीन मात्र सगळी मिळून ८,२४९ चौरस किलोमीटर, साधारण आपल्या रत्नागिरी जिल्ह्याएवढी. सरकारी गणतीनुसार लहानमोठी बेटे, खडक आणि सुळके धरून ८३६ भूभाग आहेत आणि त्यांपैकी मनुष्यवस्ती जेमतेम तीस बेटांवर आहे.

नकाशा वाचताना बहुतेक जण आधी बेटांची नावे शोधतात. माझे आग्रहाचे सांगणे असे, की आधी सामुद्रधुन्या शोधाव्यात आणि निळ्या पेन्सिलीने त्यांवर खुणा कराव्यात. सर्वांत उत्तरेला कोको सामुद्रधुनी आहे. तिच्या पलीकडची कोको बेटे म्यानमारची. तेथून खाली आले की उत्तर, मध्य आणि दक्षिण अंदमान, बाराटांग व रटलंड ही बेटे एकमेकांना जवळजवळ खेटून उभी असलेली दिसतात; त्यांच्यामधल्या खाड्या इतक्या अरुंद आहेत की दोन्ही काठांवरची तिवरांची झाडी स्पष्ट दिसते. या सलग समूहाला ग्रेट अंदमान म्हणतात. पूर्वेला थोडी सुटी पडलेली बेटे रिची द्वीपसमूहाची. पर्यटकांची आवडती स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप, म्हणजे पूर्वीची हॅवलॉक आणि नील, ही त्यांतलीच. रटलंडच्या दक्षिणेला डंकन सामुद्रधुनी आणि तिच्यापलीकडे लिटल अंदमान.

त्यानंतर मोठा खंड पडतो. लिटल अंदमान आणि कार निकोबार यांच्यामध्ये सुमारे १५० किलोमीटर रुंदीची दहा अंश सामुद्रधुनी आहे, आणि तिच्यात एकही बेट नाही. ही एकच रेषा लक्षात राहिली तरी पुढचे अर्धे काम सोपे होते, कारण ती भूगोलाप्रमाणेच माणसांनाही विभागते. तिच्या उत्तरेचे समाज आणि दक्षिणेचे समाज यांच्यात भाषा, रूप, अन्न, घरे, होड्या यांपैकी फारच थोडे समान आहे.

दक्षिणेकडे कार निकोबार, चौरा, तेरेसा, कत्छल, कामोर्ता, नानकौरी अशी बेटे लागतात आणि शेवटी लिटल निकोबार व ग्रेट निकोबार. ग्रेट निकोबारचे टोक म्हणजे इंदिरा पॉइंट. भारताचे दक्षिण टोक कन्याकुमारी असे आपण सवयीने म्हणतो. ते मुख्य भूमीचे टोक झाले. देशाचे टोक इंदिरा पॉइंट आहे, आणि तेथून इंडोनेशियाचे सुमात्रा बेट दोनशे किलोमीटरच्या आत आहे. चेन्नई मात्र पोर्ट ब्लेअरहूनही सुमारे १,३७० किलोमीटर दूर आहे. या पोर्ट ब्लेअरचे नाव सप्टेंबर २०२४ मध्ये श्रीविजयपुरम असे बदलले गेले; जुन्या आणि नव्या दोन्ही नावांची नोंद नकाशावर करून ठेवावी, म्हणजे जुनी पुस्तके आणि नवी तिकिटे यांचा मेळ बसेल.

जमिनीची घडण समजून घ्यावी

म्यानमारच्या पश्चिम कडेने जाणारी आराकान पर्वतरांग समुद्रात शिरते आणि पाण्याखालून दक्षिणेकडे जाते. अंदमान-निकोबार म्हणजे त्या बुडालेल्या रांगेचे पाण्यावर आलेले माथे. उत्तर अंदमानमधील सॅडल पीक ७३२ मीटर उंच असून तो सर्वांत उंच माथा आहे. ग्रेट निकोबारमधील माउंट थुलियर ६४२ मीटर. कार निकोबार मात्र प्रवाळापासून बनलेले, जवळजवळ सपाट बेट आहे. या फरकाचा परिणाम थेट जगण्यावर होतो. डोंगराळ बेटांवर ओढे आणि दाट जंगल आहे, तर सपाट बेटांवर माणसाचे जीवन नारळावर आणि किनाऱ्यावर उभे आहे.

या रांगेच्या पश्चिमेला भारतीय भूपट्ट खाली सरकत जातो. पोर्ट ब्लेअरच्या ईशान्येला सुमारे १४० किलोमीटरवर असलेला बॅरन हा भारतातील एकमेव जागृत ज्वालामुखी त्याच घडामोडीतून निर्माण झाला. दीर्घ काळ शांत राहून तो १९९१ मध्ये पुन्हा जागा झाला. २६ डिसेंबर २००४ चा भूकंप आणि त्सुनामी हीदेखील त्याच हालचालीची परिणती. त्या दिवशी संपूर्ण साखळी जणू तिरपी झाली. उत्तरेकडे जमीन उचलली जाऊन प्रवाळांचे पट्टे उघडे पडले आणि मेले. दक्षिणेकडे जमीन खचली आणि इंदिरा पॉइंटजवळचा किनारा चार मीटरहून अधिक खाली गेला, त्यामुळे तेथील दीपगृहाचा पाया पाण्यात आला. २००४ पूर्वीचा नकाशा हाती असेल, तर निकोबारच्या किनाऱ्यांपुरता तो जुना समजावा.

एक लहानशी गोष्ट प्रवासाच्या दृष्टीने उपयोगी आहे. बेटांवर घड्याळ भारतीय प्रमाणवेळेचे असले तरी सूर्य मुंबईच्या मानाने सुमारे सव्वा तास आधी चालतो. हिवाळ्यात संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास अंधार पडतो. म्हणून दिवसाची आखणी पहाटेपासून करावी. पाऊस नैऋत्य आणि ईशान्य अशा दोन्ही मोसमांचा पडतो. समुद्र खवळला की बेटांमधल्या बोटी रद्द होतात आणि परतीच्या विमानाआधी एक-दोन दिवस मोकळे न ठेवणारा प्रवासी अडकून पडतो.

सहा समाज, आणि प्रत्येकाची वेगळी गोष्ट

आता नकाशावर माणसे मांडावीत. दहा अंश सामुद्रधुनीच्या उत्तरेला चार समाज आहेत: ग्रेट अंदमानी, ओंगे, जारवा आणि सेंटिनेली. हे परंपरेने शिकार, मासेमारी आणि कंदमुळे-मध गोळा करणे यांवर जगणारे. दक्षिणेला दोन: शोंपेन आणि निकोबारी. निकोबारी वगळता इतर पाचही समाजांची नोंद सरकार विशेष असुरक्षित आदिवासी गट म्हणून करते. या सर्वांचा ‘अंदमानचे आदिवासी’ असा एकत्रित उल्लेख करणे टाळावे. तो चुकीचा आहे आणि त्याने काहीच कळत नाही.

ग्रेट अंदमानी समाजापासून सुरुवात करावी, कारण बाहेरच्यांशी संपर्क झाल्यावर काय होऊ शकते ते येथे सर्वांत स्पष्ट दिसते. एकोणिसाव्या शतकात ग्रेट अंदमानवर यांचे दहा गट होते आणि त्यांच्या भाषा वेगवेगळ्या होत्या. १८५८ मध्ये इंग्रजांनी पोर्ट ब्लेअरला कैद्यांची वसाहत वसवली आणि जंगलतोड सुरू केली. मे १८५९ मध्ये या लोकांनी वसाहतीवर मोठा हल्ला केला. अबर्डीनची लढाई म्हणून ती ओळखली जाते. त्यांच्यात राहून आलेल्या दूधनाथ तिवारी या पळालेल्या कैद्याने आधीच खबर दिल्यामुळे तो हल्ला परतवला गेला. लढाईपेक्षा पुढे आलेले आजार अधिक घातक ठरले. उपदंश पसरला, १८७७ मध्ये गोवराची साथ आली, आणि त्यांच्यासाठी उघडलेल्या ‘अंदमान होम’मध्ये एकत्र ठेवलेल्या माणसांत रोग वेगाने फैलावले. वसाहत आली तेव्हा काही हजार असलेला हा समाज १९०१ च्या जनगणनेत ६२५ वर आला होता, आणि १९६१ मध्ये फक्त १९ जण उरले. नंतर त्यांना स्ट्रेट बेटावर वसवण्यात आले. आज त्यांची संख्या पन्नासच्या आसपास आहे. भाषाशास्त्रज्ञ अन्विता अब्बी यांनी त्यांच्या भाषेचे व्याकरण आणि शब्द नोंदवून ठेवले. माणसाच्या शरीराचे भाग आणि त्यांच्याशी असलेले नाते यांवर त्या भाषेचे व्याकरण कसे उभे आहे, हे त्यांच्या कामातून जगापुढे आले. त्यांच्या जुन्या भाषांपैकी बो ही भाषा बोलणाऱ्या शेवटच्या वृद्धा, बोआ सीनियर, जानेवारी २०१० मध्ये वारल्या, आणि त्यांच्याबरोबर ती भाषा गेली.

लिटल अंदमानवर ओंगे राहतात. १९०१ मध्ये ते ६७२ होते. २०११ मध्ये १०१. स्वातंत्र्यानंतर त्यांच्या बेटावर मुख्य भूमीवरून आणलेल्या लोकांची वसाहत झाली, जंगल तोडले गेले, आणि ओंगे मुख्यतः डुगाँग क्रीकच्या परिसरापुरते उरले. त्यांच्या ज्ञानाचा एक नमुना जवळून पाहण्यासारखा आहे. उंच झाडावरचे मोठ्या मधमाश्यांचे पोळे काढायचे असेल, तर ओंगे वेलदोड्याच्या कुळातील एका वनस्पतीची पाने चावतात, तो रस अंगाला चोपडतात आणि पोळ्याजवळ पोचल्यावर माश्यांवर फुंकरीबरोबर उडवतात. माश्या शांत होऊन दूर होतात आणि मध निघतो. धूर नाही, जाळ नाही.

जारवा दक्षिण आणि मध्य अंदमानच्या पश्चिम भागातील जंगलात राहतात. त्यांचे राखीव क्षेत्र हजार चौरस किलोमीटरहून थोडे अधिक आहे. शतकाहून अधिक काळ त्यांनी बाहेरच्यांना बाणांनी दूर ठेवले. १९९६ मध्ये पाय मोडलेला एक जारवा मुलगा वस्तीजवळ सापडला, त्याच्यावर पोर्ट ब्लेअरच्या रुग्णालयात काही महिने उपचार झाले आणि तो बरा होऊन जंगलात परतला. पुढच्या वर्षापासून जारवा दिवसाउजेडी, शस्त्राविना वस्त्यांमध्ये येऊ लागले. १९९९ मध्ये त्यांच्यात गोवर पसरला, २००६ मध्ये पुन्हा. शासनाने २००४ मध्ये त्यांच्याविषयी स्वतंत्र धोरण जाहीर केले. त्यांना मुख्य प्रवाहात ओढून आणायचे नाही, बदल व्हायचा तर त्यांच्या इच्छेने आणि त्यांच्या गतीने व्हावा, असा त्याचा रोख आहे. २०११ च्या जनगणनेत जारवा ३८० होते आणि त्यांची संख्या वाढत आहे, ही खरोखर आनंदाची बाब आहे.

पोर्ट ब्लेअरच्या पश्चिमेला सुमारे पन्नास किलोमीटरवर उत्तर सेंटिनेल हे साठएक चौरस किलोमीटरचे बेट आहे. तेथील लोक स्वतःला काय म्हणवतात हेही बाहेर कोणाला ठाऊक नाही. १९६७ पासून सरकारी पथके नारळ घेऊन जात असत. १९९१ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ मधुमाला चट्टोपाध्याय ज्या पथकात होत्या त्याच्याकडून सेंटिनेली पाण्यात उतरून नारळ घेऊन गेले. तरीही पुढे या भेटी थांबवण्यात आल्या. हा निर्णय मला अत्यंत योग्य वाटतो, कारण ग्रेट अंदमानी समाजाचे काय झाले हे समोर असताना आणखी एका लहान समाजाला सर्दी-गोवराच्या तोंडी देण्याचा अधिकार कोणालाच नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये एका अमेरिकी धर्मप्रचारकाने बेकायदा त्या किनाऱ्यावर उतरून प्राण गमावला, तेव्हा जगभर चर्चा झाली ती त्याच्या मृत्यूची. त्याने सोबत कोणते जंतू नेले असतील याची चर्चा फार कमी झाली.

दक्षिणेकडे वळावे. निकोबारी हा २०११ मध्ये सुमारे २७ हजारांचा समाज आहे. त्यांच्या भाषा ऑस्ट्रो-आशियाई कुळातील, म्हणजे खासी व मुंडारी यांच्या दूरच्या नात्यातील. शेती-बागायत, नारळ, डुकरे आणि मासे यांवर त्यांचे जीवन चालते. ‘तुहेत’ नावाच्या मोठ्या एकत्र कुटुंबाकडे जमीन आणि नारळाची झाडे असतात. समतोलासाठी बाजूला लाकूड बांधलेली त्यांची ‘होडी’ बेटाबेटांमध्ये चालते, आणि तिचे नाव वाचताना कोकणी वाचकाला क्षणभर थांबावेसे वाटेल. चौरा बेटावरील स्त्रिया मातीची भांडी घडवतात, पण माती त्या बेटावर नाही. ती तेरेसाहून होडीने आणावी लागते. केवड्याच्या जातीच्या एका झाडाचे मोठे फळ शिजवून, त्याचा गर खरवडून केलेला लगदा हे त्यांचे जुने अन्न. त्यांचे नेते बिशप जॉन रिचर्डसन १९५२ मध्ये पहिल्या लोकसभेचे नामनिर्देशित सदस्य होते. त्सुनामीचा सर्वाधिक घाव याच समाजावर बसला. किनाऱ्यावरची गावेच्या गावे गेली आणि उरलेल्यांना पत्र्याच्या निवाऱ्यांत जावे लागले.

शोंपेन ग्रेट निकोबारच्या आतल्या जंगलात, नद्यांच्या खोऱ्यांत राहतात. २०११ ची नोंद २२९ ची. त्यांचेही मुख्य अन्न केवड्याच्या कुळातील ते फळच. किनाऱ्यावरच्या निकोबारींशी त्यांची देवाणघेवाण जुनी आहे.

या सर्व आकड्यांविषयी एक सावधगिरी बाळगावी. सेंटिनेलींचा २०११ चा आकडा १५ आहे, आणि तो दूर बोटीतून दिसलेल्या माणसांचा आहे. लेखात किंवा व्याख्यानात तो लोकसंख्या म्हणून सांगू नये.

प्रवासात काय करावे आणि काय कटाक्षाने टाळावे

आदिवासींच्या संरक्षणासाठीचा मुख्य कायदा १९५६ चा आहे, आणि २०१२ मध्ये त्यातील शिक्षा कडक करण्यात आल्या. राखीव क्षेत्रात विनापरवाना शिरणे, तेथील लोकांचे छायाचित्रण करणे, त्यांना दारू-तंबाखू देणे हे गुन्हे आहेत. उत्तर सेंटिनेलच्या किनाऱ्यापासून पाच सागरी मैलांच्या आत जाण्यास मनाई आहे. निकोबार जिल्ह्यातील आदिवासी क्षेत्रात जाण्यासाठी भारतीय नागरिकांनाही परवाना लागतो आणि निव्वळ पर्यटनासाठी तो सहसा मिळत नाही. एखादा दलाल ‘सगळे जमवतो’ म्हणाला तर त्याच्याकडे पाठ फिरवावी.

खरी कसोटी बाराटांगच्या रस्त्यावर लागते. अंदमान ट्रंक रोड जारवांच्या राखीव क्षेत्रातून जातो. तो भाग बंद करावा असा सर्वोच्च न्यायालयाचा २००२ चा आदेश होता, तरी वाहतूक आजवर चालू आहे. जिरकाटांग नाक्यावर गाड्या थांबवून ठरलेल्या वेळी ताफ्याने सोडल्या जातात. त्या पट्ट्यात गाडी थांबवू नये, काच खाली करू नये, मोबाइल खिशात ठेवावा, आणि रस्त्याकडेला कोणी दिसले तर खाऊ फेकू नये. मुलांनाही हे आधीच नीट समजावून सांगावे. २०१२ च्या आरंभी पर्यटकांपुढे जारवा स्त्रियांना नाचायला लावल्याची चित्रफीत बाहेर आली तेव्हा देशाची मान खाली गेली होती. ‘जारवा दिसतील ना?’ हा प्रश्न चालकाला विचारणेच सोडून द्यावे, कारण त्या प्रश्नाला गिऱ्हाईक आहे म्हणूनच असे प्रकार घडतात. शक्य असेल त्यांनी हा रस्ता टाळावा हे उत्तम. उत्तरेकडे रंगत, मायाबंदर आणि दिगलीपूरला सरकारी जहाजेही जातात. वेळ अधिक लागतो, पण किनाऱ्याची सारी रचना समुद्रावरून समजते.

मूळ रहिवाशांची जीवनरीत पाहायची असेल तर पोर्ट ब्लेअरमधील मानववंशशास्त्र संग्रहालयासाठी अर्धा दिवस राखून ठेवावा. झोपड्यांच्या प्रतिकृती, धनुष्ये, टोपल्या, होड्या आणि जुनी छायाचित्रे तेथे आहेत. आधी वर सांगितलेला नकाशा मनात बसवून गेल्यास प्रत्येक वस्तू कोणत्या बेटाची, कोणत्या झाडाची, हे आपोआप कळत जाते. बोलताना आणि लिहिताना ‘रानटी’, ‘अश्मयुगीन’ असे शब्द वापरू नयेत. हे लोक आपल्याच काळात जगत आहेत आणि त्यांच्या जंगलाचे त्यांना असलेले ज्ञान आपल्यापाशी नाही.

बेटांवर नंतर वसलेल्या लोकांशी मात्र मोकळेपणाने बोलावे. कैद्यांचे वंशज, पूर्व बंगालमधून आलेली निर्वासित कुटुंबे, मायाबंदरजवळ १९२५ पासून वसलेले म्यानमारमधील करेन जमातीचे लोक, छोटा नागपूरचे मजूर, तमिळ आणि तेलुगू भाषक या सर्वांची बाजारातली भाषा हिंदी आहे. ग्रेट निकोबारच्या कॅम्पबेल बे परिसरात १९६९ पासून माजी सैनिकांची कुटुंबे वसवली गेली, त्यांत महाराष्ट्रातीलही होती.

त्याच ग्रेट निकोबारविषयी सध्या सतत बातम्या येत असतात. गॅलाथिया उपसागरात मोठे बंदर, शिवाय विमानतळ, वीजकेंद्र आणि नवे शहर असा हा प्रकल्प असून त्यासाठी सुमारे १३० चौरस किलोमीटर जंगल वळवण्यास २०२२ मध्ये मंजुरी मिळाली. अशी बातमी वाचताना नकाशा पुन्हा समोर ठेवावा आणि तीन गोष्टी तपासाव्यात: प्रस्तावित जागा शोंपेनांच्या नदीखोऱ्यांपासून किती दूर आहे, त्सुनामीत उठवल्या गेलेल्या निकोबारी गावांची जुनी जमीन त्यात येते का, आणि चामडी पाठीची महाकाय समुद्री कासवे ज्या वाळूवर अंडी घालतात ती वाळू त्यात येते का. बातमीत या तीनपैकी एकाचाही उल्लेख नसेल, तर ती अपुरी समजून दुसरी शोधावी.